न फिरणारी चाके

भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्याच इमारतीत राहणारी, डिझाइनचे शिक्षण घेणारी एक मुलगी परवा आपल्या प्रकल्पाचा संदर्भफलक घेऊन माझ्याकडे आली, आणि गेली काही वर्षे सभ्यतेच्या दफ्तरात बांधून ठेवलेली माझी एक तक्रार त्या फलकाने एकदाची बाहेर काढली. विषय होता स्टीमपंक, म्हणजे बाष्पयुगीन यंत्रांच्या कल्पनारम्य, शैलीतला मेजावरचा दिवा. फलकावर पितळी चष्मे होते, उंच टोप्या होत्या, तांब्याच्या नळ्या होत्या, जुन्या छायाचित्राचा तपकिरी रंग होता आणि दंतचक्रे होती. ती मी मोजली, अकरा भरली. त्यांतली आठ एकेकटी तरंगत होती, आणि उरलेली तीन परस्परांत अशी त्रिकोणी गुंतवली होती की कल्पान्तापर्यंत त्यांतले एकही जागचे हलू नये. कारण दात भिडलेली दोन चाके उलटसुलट फिरतात, आणि तिसरे दोघांनाही भिडले की तिघेही जखडतात. हे मी तिला दाखवले. ती म्हणाली, ‘‘पण आजोबा, चाकं काढली तर ते स्टीमपंक वाटेल कसं?’’

ह्या एका प्रश्नात ह्या शैलीची सद्यःस्थिती सामावली आहे. के. डब्ल्यू. जेटर ह्यांनी १९८७ साली काहीशा थट्टेने काढलेले हे नाव कादंबरीतून चित्रात, चित्रातून चित्रपटात आणि तेथून पोशाखाच्या दुकानात कसे उतरले, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. चष्मा-टोपी संप्रदायाविषयी इतकेच म्हणावे की तो कलेच्या खात्यावर जमा होण्याऐवजी सराफीच्या खात्यावर व्हावा. ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ (१९९९) हा चित्रपट केवळ खर्चाचा दाखला आहे. आमच्या ‘हवाईजादा’ने (२०१५) शिवकर बापूजी तळपद्यांच्या विमानाला मुलामा चढवला, परंतु ते उडाले ह्याचा भक्कम पुरावा नसताना ते कशाने उडावे ह्याची कल्पनाशक्तीही चालवली नाही, पुराव्याचा अभाव कलावंतास क्षम्य असतो, कल्पनेचा नसतो.

ह्या पसाऱ्यात खरे सामर्थ्य मला एकाच प्रवृत्तीत दिसते : यंत्राची गती डोळ्यांना वाचता यावी असा आग्रह धरणारी प्रवृत्ती. चेक दिग्दर्शक कारेल झेमन ह्यांनी १९५८ साली ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर चित्रपट केला तेव्हा व्हर्नच्या पुस्तकांतील खोदचित्रांच्या बारीक रेषा त्यांनी नेपथ्यावरसुद्धा ओढल्या, आणि त्या रेषांच्या जगात यंत्रे चालवली. फ्रान्समधील नांत शहरी २००७ पासून बारा मीटर उंचीचा एक लाकडी-पोलादी हत्ती पाठीवर माणसे घेऊन फिरतो, सोंडेतून पाणी उडवतो. परंतु त्याची थोरवी उंचीत नाही, त्याचा प्रत्येक सांधा उघडा आहे, गुडघा कशाने वाकतो हे खाली उभे असलेले पोरही सांगू शकते, ह्यात आहे. ह्या हत्तीचे मूळ व्हर्नच्या १८८० सालच्या कादंबरीतल्या वाफेच्या हत्तीत शोधतात. तो हत्ती हिंदुस्थानात फिरतो, आणि त्या कथेतला खलपुरुष आहे आमचा नानासाहेब पेशवा! पाणबुडीचा कप्तान नेमोदेखील व्हर्नच्याच लेखी बुंदेलखंडचा राजपुत्र आहे. म्हणजे ज्या स्वप्नाची नक्कल आमची मुले लंडनची समजून करतात, त्याच्या मूळ सनदेवर आमची नावे आहेत, मग ती वैऱ्याच्या हस्ताक्षरात का असेनात.

आणि सनद बाजूला ठेवली तरी वहिवाट आमचीच आहे. रसवंतीगृहातला चरक पाहा : उघडी दंतचक्रे, त्यांनी फिरवलेल्या लाटांमध्ये चिरडत जाणारा ऊस, आणि फेऱ्यागणिक वाजणारे घुंगरू, यंत्राने आपली गती स्वतःच्या तोंडाने सांगावी, ही कल्पना कोणत्या पाश्चात्त्य कारागिराला सुचली? बोरीबंदरच्या घुमटावरची प्रगतीची मूर्ती एका हाती मशाल नि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचे चाक घेऊन उभी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला आले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यांत्रिक आरेखन शिकवू लागले, आणि पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडवला. रेषेपासून यंत्रापर्यंतचा ह्याहून सरळ रस्ता आमच्या शिक्षकांना कुठे सापडणार आहे? पण तो अभ्यासक्रमात नाही. अभ्यासक्रमात आहे चित्रे शोधण्याचा आणि चिकटवण्याचा हुकूम, आणि त्यालाच हल्ली ‘संशोधन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे.

माझा खरा कलह येथे आहे. बाष्पयुग आम्हांकडे स्वप्न म्हणून आले नाही, गिरणीचा भोंगा म्हणून आले. त्याचा बॉयलर कोणीतरी घामाने निथळत पेटवत होता, आणि १९८२च्या गिरणी-संपानंतर ज्यांच्या चुली विझल्या त्यांची नातवंडे आज ह्याच उपनगरांच्या लोकलमध्ये लोंबकळत महाविद्यालयात जातात. त्या मुलांना पितळी चष्मा हे वाफेचे प्रतीक म्हणून शिकवणे हा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न उरत नाही, तो त्यांच्याच घरातला दस्तऐवज गहाळ करण्याचा अपराध ठरतो. संशोधन करायचे तर जेसल पार्कापासून दूर जाण्याचे कारण नाही. १८६४ साली गुजरातेकडची बी. बी. सी. आय. रेल्वेची गाडी ज्या खाडीवरून ग्रँट रोडला पोहोचली, ती खाडी आमच्या चौपाटीसमोर आहे, आणि तिच्यावरून आजही दर काही मिनिटांनी गाडी धडधडते. मागे नवघरच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तेथे प्रेसखाली पत्र्याचे ताट होताना एक तास उभे राहिले तर शंभर छायाचित्रांपेक्षा अधिक कळेल.

त्या मुलीला मी माळ्यावरचा आईचा कंदील काढून दिला. त्याची चावी फिरवली की आतली दोन इवलीशी दातेरी चाके वातीत रुततात आणि वात वर चढते, उलटी फिरवली की उतरते; दिव्याला जेवढे चाक लागते तेवढेच, आणि तेही फिरणारे. तिने ती चावी पंधरावीस वेळा फिरवली, काही बोलली नाही, आणि कंदील घेऊन गेली.

शिक्षक-परीक्षकांस माझी विनंती एवढीच : गुणपत्रिकेवर सही करण्यापूर्वी प्रतिकृतीतल्या चाकाला एकदा बोट लावून पाहावे, आणि ते फिरले नाही, तर पितळ कितीही चकचकीत असो, नापास करावे.