गारठ्यातला हेर

हेर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम वेषांतर उभे राहते. फकिराच्या नाहीतर गोसाव्याच्या रूपात शत्रूच्या गोटात शिरणारा बहिर्जी नाईक आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने मराठी घराघरांतल्या कितीतरी रात्री जागवल्या. त्यानंतर पडद्यावर जेम्स बाँड आला, आणि हेर म्हणजे उंची कपडे, वेगवान मोटार व हसतमुखाने केलेला खून असे समीकरणच होऊन बसले. अशा समजुतीने जो प्रेक्षक 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' हा चित्रपट पाहायला बसेल, तो पहिल्या अर्ध्या तासातच चुळबुळ करू लागेल. चित्रपट रटाळ आहे, असेही म्हणेल. मला मात्र वाटते की त्याची संथ गती हाच त्याचा खरा गुण आहे. ते का, हेच या लेखात सांगायचे आहे.

जॉन ल कॅरे याची या नावाची कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली आणि 1965 साली मार्टिन रिट या दिग्दर्शकाने तिचा चित्रपट केला. ल कॅरे हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. हा गृहस्थ ईटनच्या शाळेत दोनेक वर्षे मास्तर होता, आणि पुढे ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यात नोकरी करीत असतानाच त्याने ही कादंबरी लिहिली. मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते. वर्गात खोटे बोलणारा मुलगा मोठ्या थापा मारीत नाही. तो खऱ्या गोष्टीतच एखादा खोटा तपशील बेमालूम मिसळतो. ल कॅरेच्या हेरांची सारी विद्या एवढीच आहे. पिस्तुलापेक्षा त्यांना सबुरीच अधिक लागते.

कथा शीतयुद्धाच्या काळातली आहे. 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिन शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली. या भिंतीच्या नाक्यावर, रात्रीच्या वेळी, अलेक लीमस हा ब्रिटिश अधिकारी आपल्या माणसाची वाट पाहत उभा आहे. इथून चित्रपट सुरू होतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग तो माणूस सायकल घेऊन येतो, आणि सुटका अगदी हाताशी आलेली असताना गोळ्यांना बळी पडतो. लीमसच्या चेहऱ्यावर शोकाची रेघही उमटत नाही. रिचर्ड बर्टनसारख्या नटाने, ज्याचा खर्जातला आवाज रंगभूमीवर दुमदुमत असे, इथे आवाज जवळजवळ गिळून टाकला आहे. थकलेले डोळे, वाकलेले खांदे आणि चुरगळलेला कोट एवढ्यावरच तो आपल्याला सारे सांगतो.

लंडनला परतल्यावर लीमसचा वरिष्ठ अगदी सौम्य, घरगुती स्वरात त्याला आणखी थोडे दिवस बाहेर, गारठ्यात राहण्याची विनंती करतो. मग लीमसचा ऱ्हास सुरू होतो. नोकरी सुटते, दारू वाढते, एका ग्रंथालयात किरकोळ काम मिळते. तिथे नॅन नावाची साधी, कम्युनिस्ट विचारांची मुलगी त्याच्यावर जीव लावते. उधारी नाकारणाऱ्या वाण्याला तो बेदम मारतो आणि तुरुंगात जातो. हे सारे सोंग असते, पूर्व जर्मनीच्या हेरांनी त्याला आमिष दाखवावे म्हणून रचलेले. पण दारू खरी असते आणि एकाकीपणही खराच असतो. सोंग कुठे संपले आणि माणूस कुठे सुरू झाला हे आपल्याला कळत नाही, बहुधा त्यालाही कळत नसावे. संथ गतीवाचून हा संशय आपल्या मनात मुरलाच नसता.

गंमत अशी, की मार खाणाऱ्या वाण्याचे काम बर्नार्ड ली या नटाने केले आहे. बाँडच्या चित्रपटांत बाँडचा रुबाबदार साहेब होणारा तो हाच! पटकथेच्या दोन लेखकांपैकी पॉल डेन यानेही आदल्याच वर्षी बाँडच्या 'गोल्डफिंगर'साठी लेखणी चालवली होती. म्हणजे दिवाणखान्यातली हेरगिरी ज्यांना ठाऊक होती, त्यांनीच इथे मोरीकडची बाजू दाखवली. रंगीत चित्रपट सर्रास निघत असलेल्या त्या काळात रिटने कृष्णधवल चित्रण पत्करले, आणि ऑस्वाल्ड मॉरिसच्या कॅमेऱ्याने अवघे जग ओलसर, करडे करून टाकले. भिंतीचा तो नाका डब्लिन शहरात उभारला होता, हे सांगूनही खरे वाटत नाही.

आता शेवट सांगतो. एरवी रहस्यकथेचा शेवट फोडणे हे पाप. पण ही कथा रहस्य कळल्यावर संपत नाही, उलट तिथेच तिचा खरा अर्थ सुरू होतो. लीमसला वाटत असते की पूर्व जर्मनीतल्या मुंट या क्रूर अधिकाऱ्याचा काटा काढण्यासाठी आपल्याला पाठवले आहे. मुंटचा दुय्यम फीडलर हा बुद्धिमान आणि आपल्या तत्त्वांशी प्रामाणिक माणूस आहे. ऑस्कर वेर्नरने तो इतका जिवंत केला आहे की शत्रूपक्षाचा असूनही आपण त्याच्या बाजूचे होतो. चौकशी भरते, नॅनला साक्षीला आणून उभे करतात, आणि डाव उलटा पडतो. मुंट हाच लंडनचा माणूस! त्याला वाचवण्यासाठी फीडलरचा बळी द्यायचा होता. लीमस आणि नॅन ही त्या पटावरची प्यादी होती.

इथे मला विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'ची आठवण होते. चाणक्यानेही आपली माणसे फितूर झाल्याचे नाटक करून शत्रूकडे धाडली, मुद्रेचे खोटे पत्र रचले आणि विश्वासू अमात्य राक्षसाला त्याच्याच धन्याच्या नजरेतून उतरवले. अखेर आपला मित्र चंदनदास याला वाचवायला राक्षस आपण होऊन वधस्थानाकडे जातो. पण तिथे चाणक्य त्या निष्ठेची कदर करतो, राक्षसाला मंत्रिपद देतो, मित्र वाचतो. लीमसच्या कथेत कदर करणारा चाणक्य नाही. भिंतीवर चढता चढता नॅन गोळी लागून पडते. पलीकडून त्याला हाका येत असतात. उडी मारली की तो सुटला. तो क्षणभर थांबतो आणि मेलेल्या मुलीकडे, अलीकडेच उतरतो. सबंध चित्रपटात त्याने स्वतः घेतलेला हा पहिला निर्णय, आणि तो त्याचा प्राण घेतो.

चित्रपटात उणीव नाही असे नव्हे. कादंबरीत या मुलीचे नाव लिझ आहे आणि तिच्या वाट्याला तिची स्वतःची प्रकरणे येतात. तिची भाबडी श्रद्धा आपल्याला आतून कळते. चित्रपटातल्या नॅनला तेवढी जागा नाही. क्लेअर ब्लूमने जीव ओतूनही ती थोडी पुसटच राहते. कादंबरीच्या शेवटच्या ओळींत मोठ्या ट्रकांमध्ये सापडलेल्या एका लहान मोटारीचे आणि तिच्यातल्या मुलांचे चित्र लीमसच्या डोळ्यांपुढे येते. रिटने ते गाळले. कादंबरीकार म्हणून मला आधी हळहळ वाटली, पण विचारांती पटले की पडद्यावर तो चेहरा, ती भिंत आणि तो प्रकाशझोत असताना आणखी प्रतिमेची गरज नव्हती.

बर्लिनची भिंत 1989 साली पडली, ल कॅरेही 2020 साली गेला. तरी हा चित्रपट जुना झाला नाही, कारण त्याचा प्रश्न भिंतीचा नाहीच. चांगल्या हेतूसाठी किती वाईट साधने वापरावीत, आणि त्यांत भरडल्या जाणाऱ्या साध्या माणसाचा हिशेब कोणी ठेवायचा, हा तो प्रश्न आहे. तो सरकारांना लागू आहे, तसाच संस्थांना आणि घरांनाही. वाचकहो, फराळाच्या या दिवसांत दोन तासांपेक्षा थोडा कमीच वेळ तो मागतो. मुले मोठी असतील तर त्यांना शेजारी बसवा. मध्ये उठू नका, आणि लीमस खाली का उतरला हे पाहून झाल्यावर त्यांनाच विचारा.