स्थलांतराची योजना आणि कादंबरीची स्मृती : ‘द ग्लास पॅलेस’मधील रंगून

युद्धकाळात बंदर रिकामे करण्याची लष्करी योजना ही एक संहिताच असते. कोणी थांबावे, कोणी निघावे आणि जाताना काय नष्ट करावे, याची वर्गवारी ती करते. या वर्गवारीत ज्यांना स्थान मिळत नाही, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न लष्करी इतिहासापेक्षा साहित्याला अधिक निकटचा आहे. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या इंग्रजी कादंबरीतील रंगूनचे चित्रण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१९३१ च्या जनगणनेनुसार रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती. गोदीतील श्रमाचा मुख्य भारही तिच्यावरच होता. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी बॉम्ब पडताच हजारो मजूर शहर सोडून निघाले आणि बंदराचे काम ठप्प होऊ लागले. लष्करी रसद येथूनच उतरत असल्याने शासनाने त्यातील अनेकांना समजावून परत आणले. २० फेब्रुवारी १९४२ रोजी मात्र अत्यावश्यक सेवेत नसलेल्यांनी शहर सोडावे, असा आदेश निघाला. ७ मार्च रोजी सिरियमचे तेलशुद्धीकरण केंद्र उद्ध्वस्त करून सैन्य बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी जपानी सैन्य शहरात शिरले. तेल शत्रूच्या हाती पडू नये याची योजना तपशीलवार होती. माणसे भारतात सुखरूप पोहोचावीत याची नव्हती. काही लाख भारतीयांनी जंगल-डोंगरांतून पायी वाट काढली आणि त्यांतील हजारो वाटेतच दगावले. परदेशस्थ भारतीयांचे खाते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात माधव श्रीहरी अणे यांच्याकडे होते, याची येथे नोंद घ्यावी लागते.

घोष ही योजना पार्श्वभूमीला ठेवतात आणि तिच्याबाहेर राहिलेले एक कुटुंब मध्यभागी आणतात. राजकुमारच्या लाकडाच्या वखारीवर बॉम्बहल्ला होतो, मुलगा नील मरतो. राजकुमार, डॉली, सून मंजू आणि तिची तान्ही मुलगी पायी निघतात. मंजू वाटेत नदीत जीव देते. या प्रसंगांचे बळ कादंबरीच्या रचनेतून येते. १८८५ मध्ये पदच्युत थिबा राजाला मंडालेहून रंगूनमार्गे नेण्यात आले आणि पुढे रत्नागिरीत ठेवण्यात आले. एका राजाला समुद्रापार नेण्याची चोख व्यवस्था करणारी सत्ता आपल्या लक्षावधी प्रजाजनांसाठी तशी व्यवस्था करू शकली नाही, हा विरोध निवेदक कोठेही उच्चारत नाही. तो दोन प्रवासांच्या समांतर मांडणीतूनच जाणवतो.

तथापि एक मर्यादाही दिसते. राजकुमारच्या संपत्तीचा पाया भारतातून मजूर पुरवण्याच्या धंद्यात आहे. ज्यांना त्याने आणले, त्यांच्याच लोंढ्यात त्याला चालावे लागते, हा उपरोध प्रभावी आहे. परंतु त्या लोंढ्याला कादंबरीत स्वतंत्र नाव आणि आवाज क्वचितच लाभतो. बॉम्बहल्ल्यानंतर परत आणला गेलेला गोदी कामगार, म्हणजे योजनेने ज्याचा उपयोग केला आणि नंतर ज्याचा विसर पडला तो माणूस, येथेही कडेलाच राहतो. शासकीय कागदपत्रांतील रिक्त जागा दाखवून देणे, हे या कादंबरीचे मोठे यश होय. ती जागा श्रीमंत कुटुंबाच्या कथेने पूर्णपणे भरून निघत नाही, हे मात्र मान्य करावे लागते.