बुडत्या आगबोटीचे दोन चित्रपट

आम्ही नागपूरकर समुद्रापासून दूर राहणारे. अंबाझरीचा नि फुटाळ्याचा तलाव एवढेंच आमच्या नित्याच्या पाहण्यांतलें पाणी. सागराचें रौद्र स्वरूप आम्हांस बहुधा पडद्यावरच दिसतें, व त्याचें खरेंखोटें ताडण्यास स्वतःचा अनुभव हाताशीं नसतो. सारा भरंवसा चित्रपटकर्त्याच्या सचोटीवर. या दृष्टीनेंच आम्ही पुढील दोन चित्रपटांकडे पाहतों.

१९१२ सालच्या एप्रिलमध्यें 'टायटॅनिक' ही आगबोट हिमनगावर आदळून बुडाली आणि १,५०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. वॉल्टर लॉर्ड यांच्या ग्रंथावरून रॉय वॉर्ड बेकर यांनीं १९५८ सालीं 'अ नाइट टु रिमेंबर' हा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढें १९९७ सालीं जेम्स कॅमेरून यांचा 'टायटॅनिक' आला व त्यास ११ ऑस्कर पारितोषिकें मिळालीं.

नव्याचे गुण आधीं सांगणें न्याय्य होईल. १९८५ सालीं समुद्रतळाशीं सांपडलेल्या अवशेषांवरून बोट दुभंगून बुडाली हें निश्चित झालें. जुन्या चित्रपटांत ती अखंडच बुडते. नव्यांत ती दुभंगते, आणि तें दृश्य पाहतांना छाती दडपून जाते. परंतु कॅमेरून यांचे नायक-नायिका कल्पित आहेत. आपली सारी चिंता त्या दोघांभोंवतीं गोळा होते आणि इतरांचें मरण ही त्यांच्या प्रणयाची पार्श्वभूमि होऊन बसते.

बेकर यांच्या चित्रपटांत दुय्यम अधिकारी लाइटॉलर (केनेथ मोर) मध्यवर्ती आहे खरा. तथापि कथा साऱ्या बोटीची राहते. हरवलेल्या पोरास उराशीं धरणारा म्हातारा सेवक क्षणभरच दिसतो, पण विसरतां येत नाहीं. याहून महत्त्वाची 'कॅलिफोर्नियन' या जवळच थांबलेल्या बोटीची हकीकत. तिचा बिनतारी यंत्र चालविणारा झोंपला आहे. अधिकारी आकाशांत उडणारे बाण पाहतात, पण त्यांचा अर्थ त्यांस उमगत नाहीं. हिमनग निसर्गाचा होता, गाफीलपणा मात्र माणसाचा, हें येथें कळतें. नव्या चित्रपटांतून नेमकी हीच हकीकत गळाली आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मर्डॉक या खऱ्या अधिकाऱ्यानें प्रवाशांवर गोळी झाडून आत्महत्या केली, असें कॅमेरून दाखवितात. याला निर्विवाद पुरावा नाहीं. १९९८ सालीं चित्रसंस्थेच्या प्रतिनिधीनें मर्डॉकच्या गांवीं जाऊन दिलगिरी व्यक्त केली. कलावंताचें स्वातंत्र्य आम्हांस मान्य आहे. कल्पित पात्राच्या माथीं त्यानें हवें तें पाप मारावें. परंतु मेलेला माणूस खुलासा करण्यास येत नाहीं, म्हणून त्याच्या नांवाशीं खेळूं नये.

हा विचार आम्हांस परका नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसें गेलीं. उद्यां कोणी तिच्यावर चित्रपट काढूं म्हणेल, तर त्यानें कौशल्य कॅमेरून यांजकडून जरूर घ्यावें, वृत्ति मात्र बेकर यांची ठेवावी. सहाशें घरांचा शोक एका कल्पित जोडप्याच्या शोकापुढें लहान ठरूं नये.