खोडावरचे घाव

तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, बहुतेक मराठी माणसांना गाण्यातून ठाऊक आहे. विठ्ठल वाघांची ती कविता १९८१च्या ‘अरे संसार संसार’ चित्रपटात आली आणि ज्यांनी शेत फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं, त्यांच्याही तोंडी तिफण बसली. वाघ तिला ‘तिफन’ म्हणतात आणि तेच बरोबर आहे, वऱ्हाडी जिभेला ‘ण’चं फारसं कौतुक नाही. त्या गाण्यात आभाळ आहे, बैल आहेत, ओटीत बियाणं बांधून चालणारी पेरणारीण आहे. तिफण घडवणारा मात्र नाही. कवीचा हा दोष म्हणायचा नाही, कारण पेरणीच्या दिवशी वाढी शेतात नसतोच. त्याचं काम मृग लागण्याआधी संपलेलं असतं.

वाढी किंवा वाढई म्हणजे सुतार. संस्कृतातला ‘वर्धकी’ झिजत झिजत विदर्भातल्या बोलीत असा उरला. दर्यापूरसारख्या गावी आता ‘मिस्त्री’ हाच शब्द जास्त चालतो.

या माणसाच्या घराण्याचा इतिहास लिहायला बसलं तर कागद सापडत नाही. कास्तकाराचा सातबारा असतो, देशमुखाची सनद असते, सावकाराच्या वह्या असतात. पिढ्यान् पिढ्या बिनजमिनीच्या वाढ्याच्या नावावर काय असणार? त्यानं जे केलं ते सगळं दुसऱ्याच्या वावरात, दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या बैलांमागे. म्हणून त्याची वंशावळ लाकडावर वाचावी लागते. दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यात जुनी तिफण भिंतीशी उभी दिसली, की मी तिच्याकडे पोथीकडे बघावं तसा बघतो. पोथीचं पहिलं पान म्हणजे खोड.

खोड म्हणजे तिफणीचा आडवा ओंडका. तीन फण त्यातच ठोकलेले असतात. तो बहुधा बाभळीचा. काळ्या मातीत बाभूळ न लावता येते, आणि तिचा तांबूस गाभा जड, चिवट असतो. मात्र वरचं पांढरं लाकूड भुंग्याला फार आवडतं. जाणता वाढी ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलं लाकूड किडत नाही, असा समज होता. तो खरा असो नसो, त्यामुळे लाकूड तोडायला घाई होत नसे, हे खरं.

आता खोडावर हात फिरवा. वरून गुळगुळीत लागेल. तो रंध्याचा गुळगुळीतपणा नव्हे, वापराचा आहे. खोड उलटं करून पोटाशी बोटं न्या. तिथे वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या अवजाराचे, घाव लागतील, उथळ शिंपल्यांसारखे, एकाला एक लागून. हा वाढ्याचा दस्तुर. घाव सारखे, एकाच खोलीचे असतील तर हात तयार होता. मध्येच एखादा खोल गेला असेल तर तिथे गाठ होती, किंवा पोरगा शिकत होता. जिथे हात लागणार, जिथे दोर घासणार, तेवढ्याच जागा त्यानं तासून साफ केल्या. उरलेलं तसंच सोडलं. मला या अवजारातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. कुठे थांबायचं हे कळणं. हल्लीच्या फर्निचरला आतून-बाहेरून चकाकी असते. ती पाहून मला नेहमी वाटतं, या कारागिराला आपलं काम कुठे संपलं ते कुणी सांगितलंच नाही.

फणांकडे येऊ. ‘फण’ नागाचाही आणि ‘फणी’ केसांची. तिफणीला दोन्ही शोभतात. फणाच्या टोकाला लोहाराचं लोखंड, पाठीमागे बांबूचा नळा, नळ्यातून बी खाली. खरी कसोटी फण खोडात कोणत्या कलानं बसवला याची. कल जास्त झाला तर फण खोल घुसतो, बैल ओढून थकतात आणि बी इतकं खाली जातं की कोंब वर येण्याआधीच दम सोडतो. कल कमी पडला तर बी वरच राहतं, पाखरं टिपतात किंवा उन्हानं भाजतं.

इतरत्र ही चूक थोडीफार खपते, दर्यापूरला नाही. हा पूर्णेचा खारपाण पट्टा. जमीन काळी, खोल, पण जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणून पिकाला पाणी द्यावं तर जमीनच बिघडते. जी ओल आहे ती पावसाची, आणि ती मातीच्या ज्या थरात असेल त्याच थरात बी पडलं पाहिजे. खरिपात ती ओल वर असते, हरभऱ्याच्या वेळी खाली गेलेली असते. हे अंतर काही बोटांचं, आणि ते वाढ्याच्या पाचरीवर अवलंबून. “मिस्त्री, तिफन उथळ चालून राह्यली ना! पाचर मारून द्या न जराशी.” हे वाक्य या पट्ट्यातल्या किती अंगणांत किती वेळा बोललं गेलं असेल. एक पाचर, हातोडीचे दोन ठोके, आणि अख्ख्या वावराची पेरणी दोन बोटं खाली.

दोन फणांमधलं अंतर ही मला त्याची सही वाटते. १ हात म्हणजे १८ इंच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कृषी विद्यापीठं आज खरीप ज्वारीच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात. हिशेब केला तर तो जवळजवळ हातच निघतो. पण हात कुणाचा? प्रत्येकाचा वेगळा. म्हणून वाढ्याकडे मापाची काठी असते, खाचा पाडलेली. ती बापाकडून मुलाकडे येते, आणि एका घराण्याची काठी चालते तिथपर्यंत त्याच अंतरानं पिकं उगवतात. पुढे तण काढायला डवरा चालतो तोही त्याच अंतरावर, कारण डवऱ्याची पास ओळींच्या मधून गेली पाहिजे. म्हणजे डवराही त्याच काठीवर बेतलेला. आषाढात मूर्तिजापूरहून दर्यापूरला येताना दोन्ही बाजूंना ज्या समांतर हिरव्या ओळी दिसायच्या, त्या एखाद्या वाढ्याच्या घराण्यानं आखलेल्या होत्या. कास्तकारानं त्या पेरल्या, पण आखल्या वाढ्यानं. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाभरीलाही हेच लागू, पण वऱ्हाडातलं रान सपाट आहे आणि सपाट रानावर ओळ लपत नाही.

सगळ्यात वर चाडं. लाकडी वाटी, तळाला तीन भोकं, तीन नळ्यांची तोंडं. तिफणीत नक्षीला जागा असते ती इथेच. कुणी काठाला कंगोरा देतं, कुणी कमळाच्या कळीचा घाट. जुन्या चाड्याचा काठ एका बाजूनं झिजलेला आढळतो. बी सोडणाऱ्या मुठीनं तो झिजवलेला असतो, आणि ती मूठ बहुतेक वेळा बाईची. तिन्ही भोकांत सारखं बी पडावं म्हणून बोटं कशी हलवायची, हे कोणत्याही वाढ्याला चाड्यात कोरता आलं नाही. तो भाग त्यानं तिच्यावर सोपवला. कपाशीची गोष्ट आणखी निराळी. सरकीला तंतू असतात, ती चाड्यात अडकते. मग ती शेणा-मातीच्या काल्यात घोळून, वाळवून, सुटी करायची आणि सरत्यानं, म्हणजे मागे दोरीनं ओढत नेलेल्या वेगळ्या नळ्यानं पेरायची. सरतं धरणारी बाई तिफणीमागून चालायची. असं हे घराणं कामापुरतं तरी वाढ्याचं एकट्याचं नव्हतं; लोहार आणि पेरणारीण यांच्यावाचून त्याचं लाकूड मुकं.

मजुरी? सुगीला खळ्यावर मिळणारं धान्य. त्रिंबक नारायण अत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुत्याचा हिशेब मांडला, तो देशावरच्या गावांचा. अत्रे बलुतेदारांवर कडक आहेत; कामाला टाळाटाळ आणि मागायला पुढे, असा त्यांचा सूर. महसुलातल्या माणसाला खळ्यावरची पायली दिसणारच. उन्हाळाभर मोडकी वखरं, डवरे, तिफणी आणि बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, चाकं दुरुस्त करणारा हात त्याच नजरेत येईल असं नाही. बलुत्याची दुसरी बाजू घरातली. मुलं तीन झाली की गावं वाटली जात: थोरल्याला हे गाव, मधल्याला ते, धाकट्यानं दर्यापूर गाठायचं.

धाकट्याला दर्यापूर परवडण्याचं कारण कापूस. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीनं वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला, आणि बंडीवाल्यांची चलती झाली. पुढे मूर्तिजापूर–अचलपूर अरुंद रेल्वे आली. दर्यापूरचं तिचं स्टेशन बनोसा. ‘शकुंतला’ म्हणून तिचं लाडकं नाव सगळ्यांना माहीत आहे. बाजाराच्या गावात वाढ्याला रोख मिळू लागलं आणि लाकूडही बदललं: बाभळीच्या जागी परतवाड्याच्या बाजारातून मेळघाटचं सागवान. तिफणीवरून तो चौकटीवर आला. धाब्याच्या घराला खांब, तुळया, वर किलचण. घर किती मोठं ते खणांत सांगायचं. दाराच्या माथ्यावर गणेशपट्टी. चौकटीतली कारागिरी रस्त्यावरून दिसते, तिचं कौतुकही होतं. पण मला विचाराल तर त्याच हातांनी केलेली तिफण वरच्या दर्जाची. चौकट एका जागी उभी राहते; तिफणीला दरवर्षी मातीचा मार खात खरं ठरावं लागतं.

खोडावर दुसऱ्या पिढीची खूण म्हणजे नट-बोल्ट. पाचरीच्या जागी लोखंडी आटा आला की समजावं, मुलाच्या हाती गिरमिट आणि पाना आला. भोक नेमकं, कडा स्वच्छ, पण फण झिजला की कल बदलायची सोय गेली. पाचर ठोकून अर्धं बोट इकडे-तिकडे करता येत होतं. बोल्ट एकदा आवळला की आवळला.

तिसऱ्या पिढीची खूण खोडावर नाहीच. १९७० साली सुरतेच्या केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस बाहेर आला, मग अकोल्याच्या विद्यापीठाचे संकर आले, २००२मध्ये बीटी आलं. बियाणं पाकिटात, मोजून, महाग. असं बी नळ्यात मुठीनं कोण सोडणार? दोरी धरून, खुणा करून, एकेक दाणा टोबायचा. कपाशी तिफणीच्या हातून गेली. ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, आणि ते ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं पडतं. वखर-डवरे वेल्डिंगच्या दुकानात लोखंडाचे मिळू लागले. लोक याचं खापर ट्रॅक्टरवर फोडतात. मला तसं वाटत नाही. वाढ्याचं निम्मं काम ट्रॅक्टर दारात येण्याआधीच बियाण्याच्या पाकिटानं नेलं होतं.

वाढ्याचा नातू आज प्लायवूड कापतो, सनमायका चिकटवतो, देव्हारे करतो. १७ सप्टेंबर २०२३ला केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांच्या यादीत पहिलं नाव सुताराचं आहे, आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत रक्कम मिळते. चांगलंच आहे. त्या पैशात विजेचा रंधा येतो.

पोळ्याला गावी गेलात तर बैलांचं औक्षण झाल्यावर जरा गोठ्यात मागे जा. तिफण असेल तर कुणाला तरी हाताशी घेऊन खाली उतरवा. ती वाटते त्याहून जड असते. चाडं सुटं झालेलं असेल तर शहरात नेऊन दिवाणखान्यात मांडू नका, तिच्याशीच बांधून ठेवा. मग खोड उलटं करा आणि पोटाशी बोटं फिरवा. घाव मोजण्याइतके स्पष्ट असतील. फक्त हे चुलीत जाण्याआधी करा. बाभळीचं जुनं लाकूड फार चांगलं जळतं.