लिहून देणार आणि लिहून घेणार : हॉथॉर्नच्या कादंबरीतील घर व वसाहतकालीन खते

अमेरिकेतील सेलम या गावाविषयी दोन ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला, नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ ही १८५१ सालची कादंबरी. दुसरा, चार्ल्स अपहम यांचा १८६७ साली निघालेला ‘सेलम विचक्राफ्ट’ हा द्विखंडात्मक इतिहास. एक कल्पित, दुसरा कागदपत्रांवर उभा. परंतु वसाहतकालीन पूर्वजाचे घर आणि त्या घराखालची जमीन हा दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. हे दोघे ग्रंथकार परस्परांचे वैरी होते. हॉथॉर्नची जकात कचेरीतील नोकरी १८४९ साली गेली, त्या खटपटीत अपहम अग्रभागी होते. कादंबरीतील दांभिक न्यायाधीश पिंचन हे अपहम यांचेच चित्र होय, असे अनेकांनी मानले आहे.

हॉथॉर्नला पूर्वजांचे ओझे खरोखरीच होते. त्याचा पूर्वज जॉन हॅथॉर्न हा १६९२ च्या चेटूक-प्रकरणात आरोपींची चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांपैकी एक. त्या प्रकरणात १९ माणसे फासावर गेली. कादंबरीतील कर्नल पिंचन याची नजर मॅथ्यू मॉल या साध्या माणसाने कष्टाने वसविलेल्या एक-दोन एकरांवर असते. शासनाने आपणांस दिलेल्या मोठ्या जमिनीतच तो तुकडा येतो, असा त्याचा दावा. पुढे मॉल चेटक्या म्हणून फासावर जातो आणि त्याच्या झोपडीच्या जागी कर्नलचा सात त्रिकोणी माथ्यांचा वाडा उठतो. येथे हॉथॉर्नने एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे : या वादाचा लेखी पुरावा कोठेही नाही, तो लोकांच्या तोंडी मात्र उरला आहे. बळकावणाऱ्याला सनद असते, गमावणाऱ्याला आठवण, हे कादंबरीचे खरे बीज होय.

आता अपहम यांच्या ग्रंथाकडे वळू. त्यातील सेलम खेड्याचा १६९२ चा नकाशा त्यांचे पुत्र विल्यम यांनी जुनी खते व दानपत्रे जुळवून सिद्ध केला. हे शक्य झाले, कारण मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १६४० सालीच जमिनीचे व्यवहार नोंदविण्याचा हुकूम केला होता. लिहून देणाराचे नाव, लिहून घेणाराचे नाव, मालमत्ता व तारीख या चार गोष्टी नोंदीत याव्यात, असा त्याचा आशय होता. शोधाची रीत आपणांस अपरिचित नाही. आजच्या मालकापासून एकेक खत मागे जात हस्तांतरणांची साखळी जुळवावयाची. एखादी कडी तुटली, तर मृत्युपत्र व वारसांची वाटणी पाहावयाची. मग चतुःसीमा : अमुक ओकचे झाड, दगडांची रास, ओढा, आणि त्यापलीकडे शेजाऱ्याची जमीन. झाड पडते, ओढा वळतो. परंतु शेजाऱ्याच्या खतात हीच सीमा उलट बाजूने लिहिलेली असते. अशी खते शेजारी शेजारी मांडली, की गाव पुन्हा उभे राहते.

या पद्धतीची मर्यादाही त्याच नकाशाच्या निमित्ताने दिसून आली. फासावर गेलेल्या रिबेका नर्सचे घर हे टाउनसेंड बिशप याला १६३६ साली मिळालेल्या जमिनीवरील मूळ घर, असे अपहम यांनी मानले. उत्तरकालीन अभ्यासक ते १६७८ च्या सुमाराचे, म्हणजे नर्स कुटुंबाने ती जमीन घेतली त्या वेळचे, समजतात. खत जमिनीची साक्ष देते. तीवर आज उभे असलेले घर तेच, अशी हमी देत नाही. तरीही या मार्गाचे सामर्थ्य मोठे आहे. सिडनी पर्ली यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी जुन्या नोंदींवरून फाशीची जागा प्रॉक्टर्स लेज ही ठरविली, आणि २०१६ साली संशोधकांनी त्या निष्कर्षास दुजोरा दिला. त्या दुर्दैवी जीवांचे स्मारक तेथे २०१७ साली झाले.

या पार्श्वभूमीवर कादंबरीचे मूल्यमापन करू. तिचे थोरपण यात आहे, की एका घराच्या दोन वंशावळी असतात हे तिने ओळखले. पिंचनांच्या वाड्याचा इतिहास मॉलांच्या इतिहासावाचून सांगताच येत नाही. कुळाच्या वंशवृक्षात एकच घराणे असते. खतात नेहमी दोन असतात.

परंतु शेवटी लेखक कचरतो असे मला वाटते. मॉलचा वंशज होलग्रेव्ह आणि पिंचन घराण्यातील फीबी यांचा विवाह होतो, वैर मिटते, आणि सगळी मंडळी मृत न्यायाधीशाच्या ग्रामीण वाड्यात राहावयास जातात. प्रत्येक पिढीने आपले घर नव्याने बांधावे म्हणणारा होलग्रेव्ह आता तो वाडा दगडी नाही म्हणून हळहळतो! हॉथॉर्नने हा उपरोध जाणून योजिला आहे हे खरे. पण त्याने हिशेब चुकता होत नाही, फक्त वही मिटली जाते. शिवाय आणखी एक पक्ष आहे. मेन प्रदेशातील विस्तीर्ण भूमीचे जे खत पिंचन पिढ्यानपिढ्या शोधतात, ते मूलनिवासी सरदारांनी दिलेले आहे. तसबिरीमागच्या कोनाड्यातून ते निघते तेव्हा निरुपयोगी ठरलेले असते. ते लिहून देणारे कोण, त्यांचे पुढे काय झाले, हे कादंबरी विचारीत नाही. मॉलविषयी जी संवेदना तिने दाखविली, ती येथवर पोचली नाही.

आपल्याकडे कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्या मंडळींनी ही कादंबरी अवश्य वाचावी. मूळ पुरुष, त्याला मिळालेले इनाम, त्याने बांधलेला वाडा हा क्रम आपल्या वृत्तांतांत ठरलेला असतो. त्या इनामापूर्वी ती जमीन कोण कसत होते, वाड्याच्या चतुःसीमेत कोणाची नावे आहेत, हे मात्र क्वचितच येते. वास्तविक ज्या दप्तरातून आपण सनद उतरून घेतो, त्याच दप्तरात पुष्कळदा याचेही उत्तर असते. पूर्वजाचे घर शोधू लागलेल्या विद्यार्थ्याला आम्ही शिक्षकांनी एवढे तरी सांगावे, की आपल्या आडनावापाशी थांबू नकोस. त्याच कागदावर लिहून देणाराचे नाव काय आहे, तेही वाचून वहीत उतरून घे.