‘बहुउद्देशीय’ या विशेषणाविषयी : येलदरी व सिद्धेश्वर

धरणांविषयीच्या मराठी लेखनात ‘बहुउद्देशीय’ हे विशेषण इतके रुळले आहे की, त्याचा अर्थ तपासण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. वीज, सिंचन, पूरनियंत्रण, पिण्याचे पाणी अशी नामावली दिली की वर्णन पुरे झाले, असा समज दिसतो. या नामावलीतून उद्देशांची संख्या कळते. त्यांचा क्रम कळत नाही. वाद मात्र क्रमाचाच असतो.

पूर्णा प्रकल्प घ्यावा. (ही गोदावरीस मिळणारी पूर्णा, तापीस मिळणारी वऱ्हाडातील पूर्णा निराळी.) १९६८ साली पूर्ण झालेल्या या प्रकल्पात एकाच नदीवर दोन धरणे आहेत : वरचे येलदरी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, खालचे सिद्धेश्वर आजच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. येलदरीच्या पायथ्याशी प्रत्येकी ७.५ मेगावॅटचे तीन संच आहेत. ते फिरवून सुटलेले पाणी नदीपात्रानेच सिद्धेश्वरात येते आणि तेथून कालव्याने वसमतकडील शेतीस जाते.

दुसऱ्या धरणाचे प्रयोजन येथेच उलगडते. विजेची मागणी तासातासाने बदलते, पिकास पाणी पाळीने लागते. या दोन वेळापत्रकांतील अंतर सिद्धेश्वरचा लहान साठा काही प्रमाणात भरून काढतो. तथापि हा मेळ बरोबरीचा नव्हे. पाणी मुख्यतः शेतीसाठी सोडावयाचे व जाता जाता त्यातून वीज घ्यावयाची, असाच प्रकल्पाचा स्वभाव आहे. कोयनेत नेमके उलटे घडते. तेथे विजेसाठी पाणी सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरविले जाते व कृष्णाखोऱ्यास ते कायमचे अंतरते. कोयनेस व येलदरीस एकच विशेषण लावणारा लेखक दोहोंविषयी काहीच सांगत नाही, असे म्हणावे लागते.

१९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीने प्राधान्यक्रम स्पष्ट लिहिला : प्रथम पिण्याचे पाणी, मग सिंचन, त्यानंतर जलविद्युत. शासकीय भाषेने क्रम मांडला. आपल्या परिचयलेखांची भाषा मात्र ‘बहु’पाशीच थांबली. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीने धरणाच्या उद्देशांची किंमत कोण देतो, हे धरणग्रस्तांच्या बाजूने मांडले. त्याच कसोटीवर लाभक्षेत्राचे लेखनही पाहावयास हवे. टंचाईच्या वर्षी कालव्याची पाळी चुकते, तेव्हा कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यास कोणता उद्देश आपल्यापुढे गेला हे नेमके ठाऊक असते.

या क्रमात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. याच नदीवर, वरच्या अंगास बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव मही येथे खडकपूर्णा धरण झाले. येलदरीत किती पाणी यावे हे आता पावसाइतकेच तेथील अडवणुकीवरही अवलंबून असते. पण येलदरीच्या उद्देशांची यादी अद्याप जुनीच छापली जाते.