भीमाला सोन्याने बदलले काय?

अवचित पैसा माणसाला बिघडवतो, असे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेवरून आमच्या मुदखेडात एका शिक्षकमित्राने सांगितले. मला हे वाचन पटत नाही. भीमा वारणाकाठ सोडून मुंबईला आलेला. खाण बंद पडल्यावरच त्याला राखेत सोने दिसते. खडक फोडून मिळत नाही ते राख चाळून मिळते, हा हिशेब त्याच्या मनात बसतो खरा, पण तो त्याला मजुरीच्या दराने शिकवला. मढ्यावर दागिने ठेवणाऱ्यांचा स्वभाव मात्र कोणी तपासत नाही! प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात, गमवावी लागतात; त्यानंतर खाण पुन्हा सुरू होणार असल्याचे कळते. भीमा रडतो तो गेलेल्या सोन्यासाठी नव्हे, पहार धरणाऱ्या बोटांसाठी.